गॅरेजचे बिल : पट्टी वाचता, तसेच हेही वाचा



बाजारात कांदा विकून पट्टी हाती आली की आपण ती तशीच घडी करून खिशात घालत नाही. वजन किती लागले, भाव काय पडला, हमाली किती, तोलाई किती, याचा रकाना न रकाना बोट ठेवून वाचतो. दहा रुपयांचा फरक दिसला तरी आडत्याला विचारतो. यात आपला हात धरणारा कोणी नाही. पण हाच माणूस गॅरेजच्या दारात उभा राहिला, की त्याच्या तोंडाला कुलूप बसते. मिस्त्रीने कागदावर आकडा टाकला, की तो मान हलवतो, पैसे मोजतो आणि घरी येऊन म्हणतो, ''लुटले बघ!'' लुटले की वाजवी घेतले, हे मात्र त्यालाही सांगता येत नाही.

आज आपल्या शिरूर-दौंड भागात दारापुढची मोटार ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. म्हाताऱ्या आईला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचे, पोरांना कॉलेजला पोचवायचे, भाजीची चार क्रेट घाईने बाजारात टाकायची, लेकीला माहेरी आणायचे, ही सारी कामे गाडीवर असतात. पुणे-नगर रस्त्याला शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर. पुणे-सोलापूर रस्त्याला यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ. आणि न्हावऱ्यावरून दोहोंना जोडणारी वाट. भीमेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, या रस्त्यांच्या कडेला गॅरेजांची कमतरता नाही. पैसा मात्र आपल्याकडे वर्षातून दोन-तीनदाच येतो. उसाचे बिल, कांद्याची पट्टी आणि दुधाचा पगार यांतून घर चालवायचे असते. अशा वेळी दहा-बारा हजारांचे एक बिल म्हणजे पुढच्या पिकाची खते असतात. म्हणून ते बिल वाचायला शिकलेच पाहिजे.

लोहार-सुताराचा काळ आणि आताचा

पूर्वी नांगराचा फाळ मोडला तर लोहाराकडे जायचे, बैलगाडीचे चाक डगमगले तर सुताराकडे. दर खेपेला पैसे मोजायचे नव्हते. सुगीत खळ्यावर त्याचे बलुते ठरलेले असे. त्या पद्धतीत दोष पुष्कळ होते. कारागिराला आपल्या कसबाचे मोल मागायची सोय नव्हती. पण एक गोष्ट होती : नांगराला काय झाले आहे हे शेतकऱ्यालाही डोळ्यांनी दिसत होते. मोटारीचे तसे नाही. बॉनेट उघडले तरी आत काय बिघडले ते आपल्याला कळत नाही. एकाला सर्व माहीत आणि दुसऱ्याला काहीच नाही, असा हा व्यवहार आहे. त्यात गाडी वाटेत बंद पडलेली असली, तर 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' अशी आपली गत होते.

तरीही इंजिनाचे ज्ञान नसताना बिल पारखता येते. कारण बिलाचा खरा निवाडा पैसे देताना होत नसतो. तो गाडीला पाना लागण्याआधीच झालेला असतो. आधी बोली पक्की असेल, तर मागून भांडायला जागाच उरत नाही.

आधी बोली, मग पाना

गॅरेजमध्ये गेल्यावर आपण पहिली चूक करतो ती ही, की रोग न सांगता औषधच सांगतो. ''मिस्त्री, ब्रेकचे पॅड बदला,'' असे म्हणतो. मिस्त्री पॅड बदलतो, बिल करतो आणि आवाज तसाच राहतो. मग त्याला बोल लावता येत नाही. पॅड आपणच सांगितले होते. त्याऐवजी लक्षण सांगावे. ''ब्रेक दाबला की डाव्या चाकात घर्षणाचा आवाज येतो, सकाळी जास्त येतो.'' रोग शोधणे हे त्याचे काम आहे आणि त्या शोधण्याची मजुरी देणे हे आपले काम आहे.

दुसरे असे, की अंदाजी रक्कम लिहून घ्यावी. मोठ्या गॅरेजात जॉबकार्ड असते. त्यावर काम लिहिल्याशिवाय सही करू नये, कोऱ्या कार्डावर तर मुळीच नाही. लहान गॅरेजात वहीचा कागदही चालतो किंवा मिस्त्रीला फोनवर दोन ओळींचा निरोप पाठवावा. त्यात एक वाक्य जरूर असावे : ''इतक्या रकमेच्या वर खर्च जात असेल, तर आधी फोन करा.'' इंजिन खोलल्यावर आत आणखी काही निघू शकते, हे खरे आहे. पण निघालेले आपल्याला दाखवावे, मग नवीन बसवावे.

तिसरे म्हणजे सुटा भाग कोणता बसवणार हे ठरवून घ्यावे. एकाच वस्तूच्या तीन-चार जाती असतात. गाडीच्या कंपनीच्या नावाच्या खोक्यातला भाग; तोच भाग मूळ बनवणाऱ्या कारखान्याच्या नावाने मिळणारा; तिसऱ्याच कारखान्याचा स्वस्त भाग; आणि जुन्या गाडीचा काढलेला. चारींच्या किमतीत मोठे अंतर असते. काचेचे बटण किंवा दाराची मूठ जुनी बसवली तर बिघडत नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायमिंग बेल्ट यांत मात्र स्वस्ताई शोधू नये. तिथे वाचवलेले पैसे जिवावर बेततात. चांगल्याचे पैसे देऊन हलके बसवून घेणे, ही खरी फसवणूक. म्हणून रिकामे खोके पाहायला मागावे.

चौथी गोष्ट अगदी सोपी आहे : काढलेले जुने भाग परत मागावेत आणि हे आधीच सांगून ठेवावे. जुना भाग आपलाच असतो. तो हाती आला की बदलला गेला याचा पुरावा मिळतो आणि झिजला होता की नव्हता हेही दिसते. बॅटरी, स्टार्टर अशा वस्तू काही वेळा जुनी देऊन नवी घेण्याच्या बोलीवर असतात. तिथे जुन्याचे पैसे बिलातून वजा झालेले दिसले पाहिजेत.

बिलाचे चार रकाने

बिल हाती आले की ते चार भागांत तोडावे : सुटे भाग, तेल-ऑइल, मजुरी आणि बाहेरून करून आणलेले काम. शेवटी कर. 'गाडीचे काम – ९,५०० रुपये' असे एका ओळीचे बिल घेऊच नये. ते बिल नव्हे, नुसता आकडा आहे.

सुट्या भागांचा रकाना पारखायला सर्वांत सोपा. बंद खोक्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. ती सर्व करांसह असते. म्हणजे त्या किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि त्या किमतीवर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. खोक्यावरची पूर्ण किंमत लिहून खाली त्यावर १८ टक्के कर चढवलेला दिसला, तर कर दोनदा घेतला असे समजावे.

ऑइलच्या रकान्यात लिटर पाहावेत. लहान पेट्रोल मोटारीच्या इंजिनात साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल बसते. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत नेमका आकडा असतो. बिलात पाच लिटर लिहिले असेल तर उरलेले कुठे गेले, हे विचारायला लाजू नये. 'इंजिन फ्लश', 'इंजेक्टर सफाई' अशी न मागितलेली कामे याच रकान्याच्या आसपास शिरतात. ती पुस्तिकेत सांगितली आहेत का, हे पाहावे.

मजुरी हा सर्वांत वादाचा रकाना. पण आपल्याला तो समजायला कठीण नाही, कारण उक्ते आणि रोजाने ही दोन्ही कामे आपण करून घेतो. कांदा काढणी उक्ती दिली, तर मजुरांनी ती दोन दिवसांत उरकली की तीन, याने रक्कम बदलत नाही. कंपनीच्या मोठ्या गॅरेजात बहुतेक मजुरी अशीच उक्ती असते. अमुक कामाला अमुक तास, हे आधीच ठरलेले असते आणि तासाचा दरही. तो दरफलक पाहायला मागावा. गावच्या गॅरेजातही क्लचचे इतके, ब्रेकचे इतके असे उक्तेच असते. तेव्हा ''अर्ध्या तासात तर झाले, मग एवढे पैसे कसले?'' हा प्रश्न नेहमीच रास्त नसतो. पण एक प्रश्न नेहमी रास्त असतो : एकाच खोलाखोलीची मजुरी दोनदा तर लावली नाही ना? क्लचसाठी गिअरबॉक्स एकदा खाली उतरला, की त्याच्या मागचे ऑइल सील बदलायला वेगळे खोलावे लागत नाही. टायमिंग बेल्ट काढला असेल, तर पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच खोलण्यात बदलता येतो. विहिरीतून मोटार एकदा वर काढली, की फूटव्हॉल्व्ह बदलायला ती पुन्हा काढल्याचे पैसे आपण देतो काय?

बाहेरच्या कामात लेथवर हेड घासून आणणे, रेडिएटर दुरुस्ती, वायरिंग अशी कामे येतात. त्याची त्या-त्या दुकानाची पावती मागावी. गॅरेजवाल्याने नेण्या-आणण्याचे थोडे वर ठेवले तर हरकत नाही. पण ते उघड असावे.

आता कर. सध्या मोटारीच्या सुट्या भागांवर आणि दुरुस्तीच्या मजुरीवर १८ टक्के जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी पुष्कळशा भागांवर २८ टक्के होता. पण कर घेण्याचा अधिकार नोंदणी असलेल्यालाच आहे. बिलावर १५ अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक असतो आणि महाराष्ट्रातल्या क्रमांकाची सुरुवात २७ ने होते. क्रमांकच नसेल, तर कराची ओळ लावता येत नाही. ठोक कराची 'कॉम्पोझिशन' सवलत घेतलेल्या लहान धंदेवाल्यालाही गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही.

एक बिल तोडून पाहू

समजा, क्लचच्या कामाचे बिल असे आले. आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.

क्लच सेट – ४,२०० रुपये
मागचे ऑइल सील – ४०० रुपये
गिअर ऑइल, ३ लिटर – १,२०० रुपये
क्लच बदलण्याची मजुरी – २,००० रुपये
सील बदलण्याची मजुरी – १,८०० रुपये
किरकोळ – ५०० रुपये
बेरीज – १०,१०० रुपये
जीएसटी १८ टक्के – १,८१८ रुपये
एकूण – ११,९१८ रुपये

आता बोट ठेवू. क्लच सेट आणि सील यांच्या खोक्यांवर हीच किंमत छापली आहे, म्हणून ४,६०० रुपये बरोबर. पण त्यावर वर कर नाही. ऑइलचे डबे दोनच फुटले आहेत, म्हणजे छापील किमतीने ८०० रुपये. क्लचची २,००० मजुरी आधी ठरली होती, ती द्यायचीच. सीलसाठी गिअरबॉक्स वेगळा उतरवला नाही. त्या जादा हातकामाचे ३०० रुपये ठरले. 'किरकोळ'मध्ये काय, असे विचारल्यावर ग्रीस, चिंध्या आणि दोन बोल्ट मिळून १५० रुपये निघाले. मजुरी व किरकोळ मिळून २,४५०. गॅरेज नोंदणीकृत असेल, तर त्यावर कर ४४१. एकूण ८,२९१ रुपये झाले. फरक ३,६२७ रुपयांचा पडला. इंजिनाचे काहीही ज्ञान नसताना, नुसते खोके, डबे आणि रकाने पाहून हा फरक निघाला.

चोर सोडून संन्याशाला फाशी नको

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बिल मोठे आहे म्हणून ते खोटे आहे, असे नव्हे. आणि लहान आहे म्हणून खरे, असेही नव्हे. एखादा मिस्त्री तासभर वायर तपासतो आणि शेवटी एक सैल जोड घट्ट करून गाडी चालू करतो. सुटा भाग एकही नाही, मजुरी ४०० रुपये. आपल्याला वाटते, नुसत्या जोडाचे चारशे? तर दुसरा मिस्त्री न तपासता पाच हजारांचा नवा भाग बसवतो आणि त्यात जोड आपोआप घट्ट होतो. त्याला आपण निमूट पैसे देतो, कारण नवी वस्तू डोळ्यांना दिसते. खरे तर पहिल्याने आपले साडेचार हजारांहून जास्त वाचवले. त्याच्या मजुरीत घासाघीस केली, की पुढल्या वेळी तोही भागच बदलायला शिकतो. कसबाचे पैसे मोकळ्या हाताने द्यावेत. न केलेल्या कामाचे एक रुपयाही देऊ नये.

तसेच उधारीचे. ''ऊस गेल्यावर देतो'' असे सांगून गाडी आणली, की मिस्त्रीचे पैसे अडकतात आणि तो व्याज मजुरीतच धरतो. रोख देणाऱ्याला बोलायला तोंड राहते.

आणखी एक. अपघाताचे काम असले की, ''विमा कंपनी देणार आहे, होऊ दे बिल,'' असे आपण म्हणतो. तसे नसते. साध्या विम्यात रबर, प्लॅस्टिकचे भाग, टायर, बॅटरी यांची निम्मी किंमत घसाऱ्यापोटी कापली जाते आणि ती आपल्या खिशातून जाते. शिवाय विम्याच्या सर्व्हेअरने पाहण्याआधी गाडी खोलू देऊ नये.

मोठ्यांचाही हिशेब झाला

बिलाचा प्रश्न फक्त रस्त्याकडेच्या गॅरेजचा आहे, असे कोणी समजू नये. २०११ साली शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. तक्रार होती होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट या मोटार कंपन्यांविरुद्ध. यातल्या दोघींचे कारखाने आपल्याच पुणे जिल्ह्यातले : फोक्सवॅगनचा चाकणला आणि फियाटचा आपल्या शिरूर तालुक्यात रांजणगावला. म्हणणे असे, की कंपनीचे अस्सल सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची यंत्रे बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळतच नाहीत. म्हणून गिऱ्हाइकाला कंपनी सांगेल त्याच दारात, सांगेल त्याच भावात जावे लागते. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. पुढे दंडाच्या रकमेवरून अपिले झाली. पण आयोगाने सांगितलेली एक गोष्ट आपण गाठीला बांधावी : केवळ बाहेरच्या गॅरेजात काम केले म्हणून गाडीची सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट कंपनीने घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळेच नुकसान झाले असेल, तर त्या नुकसानीपुरती गोष्ट वेगळी.

म्हणजे वाजवी बिलासाठी शहरातल्या शिकल्या-सवरल्या गिऱ्हाइकालाही झगडावे लागले. आपण विचारले तर त्यात कमीपणा कसला?

वाद झालाच तर

प्रथम शांतपणे रकान्यागणिक विचारावे. चार माणसांत आरडाओरडा केला, की चुकलेला मिस्त्रीही हट्टाला पेटतो. त्याच कामाचा अंदाज दुसऱ्या दोन गॅरेजांतून घ्यावा. शिरूरचा एक, चौफुल्याचा एक.

पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क कारागिराला आहे काय? आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे ज्याने वस्तूवर आपले श्रम आणि कसब खर्च केले, त्याला त्या कामाचे रास्त पैसे मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. पण ते त्याच कामापुरते. भावाच्या गाडीची जुनी उधारी आहे म्हणून तुमची गाडी अडवता येत नाही. तोडगा निघत नसेल आणि गाडीची निकड असेल, तर बिलावर 'अमुक रकमेबद्दल हरकत ठेवून पैसे दिले' असे लिहावे, पावती घ्यावी, गाडी सोडवावी आणि मग दाद मागावी.

दाद मागण्याची वाट आज मोकळी आहे. ग्राहकांची चळवळ आपल्या पुण्यातच १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीच्या रूपाने उभी केली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला; त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. गाडी सोलापुरात दुरुस्त केली असली तरी दौंडच्या माणसाला पुण्याच्या आयोगाकडे जाता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असे नाही. मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. पुष्कळ तंटे तिथेच मिटतात. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः पिकअप चालवणाराही या कायद्याने ग्राहकच ठरतो. मात्र कोठेही गेलात तरी पहिला प्रश्न एकच : बिल आहे का?

गाडीची वही

म्हणून शेवटची सूचना. जनावराच्या वेताची, दुधाची नोंद आपण ठेवतो, तशी गाडीची एक दोनशे पानी वही घरात ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय काम केले, कोणता भाग बसवला, किती पैसे दिले, एवढेच लिहायचे. बिल त्याच पानाला टाचायचे. शाळेत जाणारी मुलगी किंवा मुलगा हे काम आवडीने करील. घरचा हिशेब ज्या माउलीच्या हाती असतो, तिलाही मग कळेल की गाडी वर्षाला किती खाते. क्लच दीड वर्षातच पुन्हा गेला, की वही उघडून मिस्त्रीपुढे धरता येते. आणि एखाद्याने बसवलेला भाग पाच-पाच वर्षे टिकला, हेही वहीच सांगते. असा मिस्त्री सापडला, तर त्याला धरून ठेवावे. तो मागेल ती वाजवी मजुरी हातावर ठेवावी आणि सुगीत त्याच्या घरी पायलीभर बाजरीही पोचवावी.